रडलं का?

"हे काय, बाळाचं झुणझुणं उकळायला घातलंस व्हय?"

सगुणामावशींनी चुलीवरच्या पातेल्यात डोकावून विचारलं. मी झाकण घेऊन धावले, पण उशीर झाला होता. उकळत्या पाण्यात माझी डिस्क वर-खाली होत होती. गुलाबी, सिलिकॉनची, उथळ वाटीसारखी; काठाला लवचीक कडं आणि आत फुग्यासारखा पातळ पडदा.

"झुणझुणं नाही हो," स्मिताताई शाळेच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत म्हणाली. "पाळीचं आहे. आत बसवायचं. सगळं त्या वाटीत साठतं. संध्याकाळी काढायचं, धुवायचं, परत वापरायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मावशी हसल्या नाहीत. पातेल्याकडे बघत राहिल्या.

"म्हंजी कापड न्हाई, डाग न्हाई."

"नाही."

"मंग बाई बाहेरची हाय ते कुणाला कळतच न्हाई."

"आपण सांगितलं तरच कळणार."

मावशींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "आमच्या टायमाला आसतं तर..." एवढंच म्हणाल्या आणि परातीत पीठ घेऊन भाकरी थापायला बसल्या.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि पहिल्यांदाच अशा कामावर आले होते. पावसाळा संपल्यावर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, जी रानफुलं येतात त्यांची नोंद करायची होती. आमच्या गटाची प्रमुख स्मिताताई. मुक्काम कारवंड्याला. कारवंडे हे गाव तसं राहिलेलंच नव्हतं. अभयारण्य झालं तेव्हा माणसांना खाली सपाटीवर नेऊन वसवलं. जाताना त्यांनी घरांची लाकडं, कौलं, दारं सगळं नेलं. मागे उरली ती दगडी जोती, तुळस नसलेली वृंदावनं आणि दोन वर्गांची शाळा. आम्ही शाळेत राहायचो. मावशी मूळच्या याच गावच्या. वाटा आणि पाणी त्यांना ठाऊक, म्हणून स्वयंपाकाला त्यांना खालून बरोबर आणलं होतं.

तिथं काही टाकायचं नाही, पुरायचंही नाही, असा नियम होता. जनावरं उकरून काढतात. वापरलेले पॅड पिशवीत बांधून सगळे दिवस जवळ ठेवायचे आणि परत खाली न्यायचे. ते नको म्हणून स्मिताताईनं निघायच्या आधी मला ती डिस्क घेऊन दिली होती. "घरी एकदा लावून बघ," असंही म्हणाली होती. मी बघितली नव्हती.

शाळेच्या मागे, एका मोठ्या जोत्याच्या टोकाला, एक दगडी खोली तेवढी उभी होती. बिनखिडकीची, ठेंगणी. वनखात्याच्या वॉचरनं तिच्यावर पत्रे घालून दार बसवलं होतं आणि आत पाण्याचं पिंप ठेवलं होतं. आम्हा बायकांची ती न्हाणी. मावशी मात्र तिकडे कधी फिरकायच्या नाहीत. सकाळच्या धुक्यातसुद्धा ओढ्यावर जाऊन गार पाण्यानं अंघोळ करायच्या. मी एकदा कारण विचारलं, तर "माजं आपलं वढ्याला बरं," म्हणाल्या. खोलीतली बादली आणायला सांगितली की त्यांना ऐकूच यायचं नाही.

ओसाड गाव शांत असेल असं आपल्याला वाटतं. कारवंडे शांत नव्हतं. दुपारी कुणीतरी अंगण झाडत असल्यासारखा आवाज यायचा. जाऊन पाहावं तर उंबराची वाळकी पानं वाऱ्यानं जोत्यावर सरकत असायची. एखाद्या जोत्यावर उभं राहिलं की आपण कुणाच्या तरी स्वयंपाकघरात न विचारता शिरलोय असं वाटायचं आणि पाय आपोआप खाली उतरायचे. मी हे स्मिताताईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मलाही होतं तसं. कामात लक्ष घाल."

त्या सकाळी त्या खोलीत मी डिस्क बसवली. कडं दोन्ही बाजूंनी दाबून चिंचोळं करायचं, उकिडवं बसून मागे, माकडहाडाच्या दिशेनं सारायचं आणि मग पुढचा काठ बोटानं वर, हाडामागे अडकवायचा. सांगायला सोपं. माझ्या हातून ती पहिल्यांदा निसटून थेट भिंतीवर आपटली. धुऊन पुन्हा घातली आणि अचानक ती जागेवर बसली. काहीही जाणवेना. मी उभी राहिले, वाकले, दोन उड्या मारल्या. काहीच नाही. इतकं मोकळं वाटलं की मी एकटीच हसले.

"आम्ही सगळे वर आहोत, मावशी," निघताना स्मिताताई म्हणाली. "डबा बरोबर घेतलाय. आता दिवस मावळतानाच येऊ."

"जावा, जावा. म्या कापडं धुती."

सड्यावर पिवळी-जांभळी फुलं गालिच्यासारखी पसरली होती. ऑक्टोबरचं ऊन कातळावरून उलटून तोंडावर यायचं. दुपारपर्यंत मी कातळावर चौकटी मांडत होते, त्यांतली फुलं मोजत होते. मग ओटीपोटात कळ आली. कंबर भरून आली. वाकले तेव्हा आत काहीतरी सरकलं असं वाटलं. कारवीच्या झुडपांमागे जाऊन, पाण्यानं हात धुऊन, बोटानं चाचपलं. कडं लागेना. जिथं सकाळी होतं तिथं नव्हतं.

मी स्मिताताईला बाजूला घेऊन सांगितलं.

"हरवत नाही गं ते," ती म्हणाली. "पुढे वाटच नाही तिथं. तू घाबरून अंग आवळतेस, म्हणून ते वर जातं. खाली जा, निवांत बस आणि काढ. मी येऊ का?"

"नको. जाते मी."

वाट सोपी होती, पण मी ती पळतच उतरले. गावात शिरले तेव्हा माझ्या पायांखालच्या पानांचा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. शाळेत मावशी नव्हत्या. चूल विझलेली. ओढ्याकडून कपडे आपटल्याचा आवाज येत होता. बरंच झालं, कुणाला काही सांगायला नको, असं म्हणून मी सरळ खोलीत गेले आणि कडी लावली.

पत्र्याला एक भोक होतं. त्यातून उन्हाची एक काडी आत पडली होती. बाकी सगळा अंधार. मी सगळे कपडे काढून ठेवले आणि बसले. बोट काठाला लागायचं आणि निसटायचं. पुन्हा लागायचं, पुन्हा निसटायचं. घाम डोळ्यांत उतरला. इथून दवाखाना किती लांब, चालत किती, गाडीनं किती, हे सगळं डोक्यात गरगरायला लागलं आणि जितकं गरगरलं तितकं अंग आणखी आवळत गेलं. शेवटी काठ लागलाच नाही. मी गुडघ्यांवर आले, कपाळ भिंतीला टेकलं आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "आई गं..."

तो आवाज त्या खोलीत माझा वाटला नाही. मग मला थांबवता येईना. मी कण्हत राहिले.

ओढ्यावरचा कपड्यांचा आवाज केव्हा थांबला होता ते मला कळलं नव्हतं.

"घाबरू नगंस."

भिंतीच्या पलीकडून. अगदी कपाळाजवळून, दगडाच्या फटीतून आल्यासारखं. बारीक, कोवळा आवाज. लग्नाच्या वयाच्या मुलीचा असावा तसा. त्या सगळ्या डोंगरात आमच्याखेरीज बाईमाणूस नव्हतं.

मी श्वास धरला. कोण आहे हे विचारायचं होतं.

"म्या हाय हितंच," आवाज म्हणाला. "भिताडाला पाठ लाव. उकिडवी बस."

मी बसले. का बसले ते आजही सांगता येणार नाही. त्या आवाजाची मला भीती वाटत होती, पण त्याचं ऐकलं नाही तर काय होईल याची जास्त वाटत होती.

"डाव्या हाताला खुटी हाय बग. ती धर."

रोज त्या खोलीत अंघोळ करत होते मी. खुंटी मला कधी दिसली नव्हती. हात अंधारात भिंतीवरून फिरवला आणि खांद्याच्या उंचीवर लाकडाचा एक गुळगुळीत तुकडा हाताला लागला. माणसांनी धरून धरून व्हावा तसा गुळगुळीत.

"त्वांड उघडं ठेव. दात आवळू नगं. दात आवळलं की समदं अंग आवळतंय."

मी तोंड उघडलं. श्वास आत-बाहेर व्हायला लागला. भिंतीपलीकडेही कुणीतरी तसाच श्वास घेत होतं, माझ्याबरोबर.

"आता खाली जोर दे. दे... अजून. येतंय. येऊ दे."

काठ खाली सरकला. बोट त्याच्याखाली गेलं, अडकलं, आणि मी ओढलं. डिस्क सुटून हाताबाहेर गेली आणि फरशीच्या दगडावर ओला, मऊ आवाज करून पडली. उन्हाच्या काडीत रक्त एकदम लाल दिसलं. माझ्या मनगटापर्यंत ते आलं होतं. मी खुंटी धरून तशीच बसून राहिले आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"आलं?" आवाजानं विचारलं.

"आलं," मी म्हणाले. आवाज कसला, नुसता वारा निघाला तोंडातून.

पत्रा उन्हानं कडकडला. मग पलीकडून, आधीपेक्षाही हळू, विचारावं की नाही असं करत, प्रश्न आला.

"रडलं का?"

मी गालावर हात फिरवला. ओला होता.

"हो," मी म्हणाले.

पलीकडे एक लांब श्वास सुटला. इतका लांब, की तो संपेपर्यंत मी माझा घेतला नाही. त्यानंतर काही ऐकू आलं नाही. पावलंसुद्धा नाहीत.

मी हात धुतले, दगड धुतला, कपडे चढवले. पॅड घेतला. कडी काढली. बाहेर लख्ख ऊन होतं. खोलीला वळसा घालून मागे गेले. तिथं गवत कमरेइतकं वाढलं होतं आणि भिंतीला लागून एक जागा दबलेली होती, कुणी बसून उठावं तशी. दबलेल्या पात्या एकेक करून हळूहळू वर येत होत्या.

मी शाळेकडे वळलेच नाही. सरळ सड्याची वाट धरली.

"निघालं?" स्मिताताईनं विचारलं.

"निघालं."

"बघ, म्हटलं नव्हतं मी! पांढरीफटक पडलीस पण. पाणी पी."

उतरताना मी सगळ्यांच्या मध्ये चालत होते. खाली आलो तेव्हा मावशी शाळेच्या पायरीवर केस मोकळे सोडून बसल्या होत्या. त्यांना मी कधी मोकळ्या केसांत पाहिलं नव्हतं. चुलीवर काहीतरी गोड शिजत होतं. शिधा मोजका, तरी त्यांनी उरलेला सगळा गूळ घालून खीर केली होती.

"आज काय आहे, मावशी?" स्मिताताईनं विचारलं.

"काय न्हाई. वाटलं म्हून केली. खावा."

त्यांनी मला खीर वाढली तेव्हा मी हळूच विचारलं, "दुपारी तुम्ही खोलीकडे आला होतात का?"

त्यांचा हात क्षणभर वाटीवर थांबला. माझ्या चेहऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "न्हाई बा. म्या वढ्यालाच हुते. का गं?"

"काही नाही."

त्यांचा आवाज नेहमीचाच होता. जाडा, तंबाखूनं खरखरीत झालेला. भिंतीपलीकडचा आवाज हा नव्हता. मी खिरीची वाटी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाव सोडलं. मंडळी पुढे गेली. मावशींचा गुडघा दुखत होता, म्हणून मी त्यांच्याबरोबर सावकाश उतरत होते. ओढा ओलांडायच्या जागी त्या एका खडकावर टेकल्या आणि पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "रुजू, तुला एक इचारू? तू शिकलेली हायेस. हसशील."

"नाही हसणार. विचारा ना."

"मेलेलं माणूस बोलतंय का गं?"

ओढ्याचं पाणी खळखळत होतं. मी त्यांच्याजवळ बसले.

"ती दगडी खोली हाय न्हवं, ती आमच्या घरची," मावशी म्हणाल्या. "विटाळशी बाई तितं बसायची. बाळंतीणबी तितंच. माजी धाकटी भण, शेवंता, पयल्या बाळंतपणाला आली हुती. नवरातराचं दिस. घरात घट बसलेलं. माजा उपास, समदं सोवळं माज्याकडं. आणि दिस भरायच्या आधीच हिच्या पोटात दुखाय लागलं. आई सुईणीला आणाय पल्याडच्या गावाला पळाली. जाताना मला म्हणाली, आत जाऊ नगंस, घट हायेत. पर भायेर बसून बोलत ऱ्हा तिच्यासंगं. खुटी धर म्हणावं. त्वांड उघडं ठेव म्हणावं. घाबरू नगंस म्हणावं."

त्यांनी दुखरा गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला.

"म्या बसले भिताडाला टेकून. ती आतनं 'आई गं, आई गं' करतीया. मग आक्का म्हणून हाक मारतीया. आणि माज्या तोंडातनं शब्द फुटंना. एक शब्द न्हाई, पोरी. पदर घट्ट धरून नुसती बसले. आई आली तवा आवाज थांबला हुता. लेकरू रडलंच न्हाई. ती बी गेली, दिवं लागायच्या आत."

मी त्यांचा हात धरला. तो थंडगार होता.

"काल तुमी समदी वर गेल्यावर म्या कापडं धूत हुते. आणि ऐकलं. तेच 'आई गं'. तसंच. पळावं म्हटलं तर पाय उचलंना. मग गेले. तितंच जाऊन बसले, त्याच जाग्यावर. आणि बोलले. आईनं सांगितल्यालं समदं बोलले. माजा मलाच आवाज वळखू आला न्हाई, तवाचा निघाला. तिनं ऐकलं, रुजू. ऐकलं समदं. म्या इचारलं, रडलं का. तर म्हणाली, हो."

माझ्या तोंडाशी आलं होतं. मावशी, ती मी होते. एवढं सांगितलं की झालं. मी खोलीत होते, माझी ती वाटी अडकली होती, तुम्ही माझ्याशी बोलत होतात. सगळं सरळ होतं, समजण्यासारखं होतं, आणि रात्रभर माझ्या छातीवर बसलेलं ओझंही उतरलं असतं. मी तोंड उघडलं.

"मंग म्हणाली," मावशी पुढे सांगू लागल्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी तो आजवर दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही, "म्हणाली, आक्का, ऊठ आता. किती येळ बसशील?"

मी 'आलं' म्हटलं होतं. मी 'हो' म्हटलं होतं. त्याखेरीज एक शब्दही माझ्या तोंडून निघाला नव्हता.

पाणी तसंच वाहत होतं. पुढच्या वळणावरून स्मिताताई आमची नावं घेऊन हाका मारत होती. मावशींनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत एक शंका होती, बारीकशी. ती त्यांना नको होती, हे मला दिसत होतं.

"तू वरच हुतीस न्हवं काल, दुपारच्याला?"

"हो, मावशी," मी म्हणाले. "मी वरच होते."

त्या उठल्या. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं आणि माझा हात न धरता पाण्यात उतरल्या.